क्रम न मोडता काम वाटायचं कसं: फंक्शनल भाषांत समांतर प्रक्रिया पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर चुकलंय हे मला कुठल्या टेस्टने सांगितलं नाही, मामांनी सांगितलं. यावल तालुक्यात त्यांची केळी आहे. केळीच्या हवामानावर आधारित विम्यात 'सलग इतके दिवस पारा अमुक अंशांवर' अशा धर्तीचे निकष असतात. म्हणून मी हवामान केंद्राच्या नोंदींतून सलग उष्ण दिवसांचा सगळ्यांत लांब पट्टा शोधणारा एक प्रोग्रॅम एलिक्सिर या फंक्शनल भाषेत लिहिला. प्रोसेसरच्या एका कोअरवर तो नीट चालायचा. मग हौस आली, चारही कोअर कामाला लावले, वेळ निम्म्यावर आला आणि मी खूश. मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं. त्यावर पेनाने फुल्या मारलेल्या होत्या. "हे बघ, दोन तारखेपासून सहा तारखेपर्यंत. पाच दिवस. तुझं मशीन तीन म्हणतंय. त्याला उजळणी येत नाही का रे?"

उजळणी येत होती. पण मी यादीचे तुकडे जिथे केले, नेमका तिथेच तो पट्टा कापला गेला होता, आणि जोडताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फंक्शनल भाषा शिकताना सगळीकडे ऐकायला मिळतं की इथे डेटा बदलत नाही, त्यामुळे कुलपं-किल्ल्या लागत नाहीत आणि समांतर काम जवळपास फुकटात होतं. यातलं अर्धं खरं आहे. दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकाच जागी लिहून घोळ घालण्याची भीती जाते. पण क्रम स्वतःहून सांभाळला जात नाही. फोडणं सोपं असतं, सगळी अक्कल जोडण्यात लागते. मला हे कळायला दोन उन्हाळे लागले. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

फंक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची. उदाहरणं एलिक्सिरची आहेत, क्लोजर आणि हॅस्केलवाल्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे.

काय काय लागेल

- किमान चार कोअरचं मशीन. लिनक्सवर 'एनप्रॉक' ही कमांड आकडा सांगते, पण तो लॉजिकल कोअरचा असतो. चार खऱ्या कोअरचं मशीन आठ दाखवू शकतं. त्या आठच्या आशेवर राहू नका.
- एर्लांग (एलिक्सिर याच्यावरच चालतं) आणि एलिक्सिर. एलिक्सिर १.४ किंवा नंतरचं कुठलंही चालेल, कारण आपल्याला लागणारं 'टास्क.एसिंक_स्ट्रीम' त्या आवृत्तीपासून आहे.
- यादृच्छिक इनपुट बनवून टेस्ट करणारी लायब्ररी. एलिक्सिरमध्ये स्ट्रीमडेटा, हॅस्केलमध्ये क्विकचेक, क्लोजरमध्ये टेस्ट.चेक.
- वेळ मोजण्यासाठी बेंची, किंवा एर्लांगचं साधं 'टायमर.टीसी'.
- दहा-बारा ओळींची एक छोटी फाइल, जिचं उत्तर तुम्ही वहीवर हाताने काढलेलं आहे. ही सगळ्यांत महत्त्वाची. माझ्याकडे ती नव्हती, मामांचं कॅलेंडर होतं.

१. आधी एकाच कोअरवर बरोबर उत्तर काढा

फार बोलण्यासारखं नाही, पण पायरी गाळू नका. साधं, डावीकडून उजवीकडे जाणारं रिड्यूस (एकेक नोंद घेत यादीचं एक उत्तर काढणारं फंक्शन) लिहा आणि ते फंक्शन शेवटपर्यंत प्रोजेक्टमध्ये राहू द्या. समांतर आवृत्तीचं उत्तर रोज ह्याच्याशी ताडून पाहायचं आहे.

२. तुमचं काम तिन्हींपैकी कुठलं ते ओळखा

पहिला प्रकार: प्रत्येक नोंदीवर स्वतंत्र काम. फॅरेनहाइटचं सेल्सियस करणं, पावतीचा फोटो वाचणं. हे मॅप. शेजारच्या नोंदीत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही, फक्त उत्तरं मूळ क्रमाने परत यायला हवीत.

दुसरा: अख्ख्या यादीचं मिळून एक उत्तर. बेरीज, सर्वांत मोठी संख्या, सर्वांत लांब सलग पट्टा. हे रिड्यूस किंवा फोल्ड.

तिसरा: प्रत्येक नोंदीपाशी 'इथवरचं' उत्तर. व्यापाऱ्याच्या खात्यातली धावती शिल्लक हे घरचं उदाहरण. याला स्कॅन म्हणतात.

प्रकार ओळखून झाल्यावर थांबा आणि डेटाला स्वतःचे सांधे आहेत का ते बघा. माझ्या फाइलमध्ये शंभरेक केंद्रांच्या नोंदी एकाखाली एक होत्या. दर दहा मिनिटांना एक नोंद, म्हणजे केंद्रामागे दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६०. मी शहाणपणा करून अख्खी फाइल समान चार भागांत कापली. केंद्रानुसार वाटणी केली असती तर कुठल्याही पट्ट्यावर सुरी चाललीच नसती. तुमच्याकडे असे नैसर्गिक सांधे असतील (केंद्र, खातेदार, गाडी नंबर) तर तिथेच कापा, सहावी पायरी वाचा आणि घरी जा. पुढची मेहनत ज्यांची रांग एकच आणि लांबलचक आहे त्यांच्यासाठी. एकाच केंद्राच्या वीस वर्षांच्या नोंदी घेतल्या की ती वेळ येतेच.

३. कंसांची परीक्षा

शाळेच्या गणितात दोन गुणधर्म एका दमात पाठ केले होते: क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य. तेव्हा दोन्ही सारखेच वाटायचे. इथे त्यांच्यातला फरक म्हणजेच सगळं काही आहे.

'भु', 'सा', 'वळ' हे तीन तुकडे घ्या. आधी पहिले दोन जोडून मग तिसरा लावा, किंवा आधी शेवटचे दोन जोडून मग पहिला पुढे लावा, भुसावळच मिळतं. कंस कुठेही टाका, फरक पडत नाही. हे साहचर्य. पण तुकड्यांची अदलाबदल केली तर 'वळभुसा' होतं, आणि त्या नावाच्या स्टेशनावर गाडी थांबत नाही. म्हणजे इथे क्रमनिरपेक्षता नाही.

क्रमवार यादी समांतर चालवायला साहचर्य पुरतं. क्रमनिरपेक्षतेची गरज नाही. कोणत्या कोअरने आधी काम संपवलं याला महत्त्व नाही, जोडताना डावा तुकडा डावीकडे राहिला म्हणजे झालं. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुमची जोडणारी क्रिया या परीक्षेत बसते का ते बघा. नेहमी फसणाऱ्या गोष्टी अशा:

वजाबाकी. (१० − ४) − ३ म्हणजे ३, पण १० − (४ − ३) म्हणजे ९. उपाय सोपा आहे: नावे टाकलेली रक्कम ऋण करून घ्या आणि बेरीजच करा.

सरासरी. तुकड्यांच्या सरासरीची सरासरी म्हणजे पूर्ण यादीची सरासरी नव्हे, तुकडे समान नसतील तर नक्कीच नाही. बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन फिरा, भागाकार शेवटी एकदाच.

दशांश संख्या. ही खरी छुपी. कागदावर बेरीज साहचर्य पाळते, पण मशीनच्या फ्लोटिंग पॉइंटची पाळत नाही. (०.१ + ०.२) + ०.३ करून बघा, ०.६००००००००००००००१ दिसेल. कंस उजवीकडे सरकवा, सरळ ०.६ येईल. तुकड्यांची संख्या बदलली की शेवटचा अंक बदलतो आणि माणूस रात्रभर नसलेला बग शोधतो. रुपयांचा हिशेब असेल तर पैशांतच, म्हणजे पूर्णांकात ठेवा. तापमान दशांश अंशांत, ४३.५ ऐवजी ४३५.

सोबत एक अविकारक घटकही लागतो, म्हणजे रिकाम्या तुकड्याचं उत्तर. बेरजेला ०, अक्षरांच्या जोडणीला रिकामी स्ट्रिंग. 'रिकामा तुकडा कशाला येईल?' असं म्हणू नका. येतो.

संगणकशास्त्रज्ञ गाय स्टील यांनी २००९ मध्ये एडिनबरोला झालेल्या आयसीएफपी या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत हेच ठासून सांगितलं होतं: एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे फोल्ड आणि एकेक कडी जोडलेल्या याद्या आपल्याला क्रमाने विचार करायची सवय लावतात. समांतर चालवायचं तर मधोमध दुभंगता येईल अशी रचना आणि साहचर्य पाळणारी क्रिया हवी. व्याख्यानाच्या नावातच त्यांनी आपल्या लाडक्या फोल्डला 'जरासे घातक' म्हटलं होतं. मी ते ऐकलं तेव्हा जरा अतिरेकी वाटलं. मामांच्या कॅलेंडरनंतर नाही वाटलं.

४. तुकड्याने काय सांगायला हवं ते ठरवा

या पायरीवर निवांत बसा. वही घ्या.

बारा दिवसांचं कमाल तापमान, चार-चारचे तीन तुकडे:

४१, ४३, ४२, ४४ | ४३, ४५, ४१, ४२ | ४४, ४३, ४२, ४०

समजा ४२ किंवा जास्त म्हणजे उष्ण दिवस, आणि निकष सलग पाच दिवसांचा. बोटाने मोजा: दुसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत पाच दिवस सलग. निकष पूर्ण होतो.

मी काय केलं होतं? प्रत्येक तुकड्याचा सर्वांत लांब पट्टा काढला, ३, २ आणि ३ आले, आणि त्यांतला मोठा घेतला. उत्तर ३. पहिल्या तुकड्याच्या शेवटाचे तीन आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचे दोन हे शिवणीवर एकमेकांना भिडलेत, हे कोणालाच कळलं नाही, कारण तुकड्याने ते सांगितलंच नव्हतं.

म्हणजे 'माझा सर्वांत लांब पट्टा एवढा' हे उत्तर तुकड्याने देणं पुरेसं नाही. त्याने आपल्या दोन्ही कडांची खबर द्यायला हवी. चार आकडे लागतात: एकूण दिवस, सुरुवातीला सलग किती उष्ण, शेवटी सलग किती उष्ण, आणि आतला सर्वांत लांब पट्टा.

पहिला तुकडा: ४, ०, ३, ३
दुसरा तुकडा: ४, २, १, २
तिसरा तुकडा: ४, ३, ०, ३

आता डावा आणि उजवा सारांश जोडायचे नियम:

- एकूण दिवस: दोन्हींची बेरीज.
- सुरुवातीचा पट्टा: डाव्याचा. पण डावा तुकडा पूर्णच उष्ण असेल (त्याची सुरुवात त्याच्या एकूण दिवसांइतकी असेल), तर डाव्याचे सगळे दिवस अधिक उजव्याची सुरुवात.
- शेवटचा पट्टा: उजव्याचा. उजवा पूर्णच उष्ण असेल तर उजव्याचे सगळे दिवस अधिक डाव्याचा शेवट.
- सर्वांत लांब: तिघांतला मोठा, डाव्याचा लांब, उजव्याचा लांब, आणि डाव्याचा शेवट अधिक उजव्याची सुरुवात.

पहिला आणि दुसरा जोडा: ८, ०, १, ५. शिवणीवरचे ३ + २ आपोआप धरले गेले. त्याला तिसरा जोडा: १२, ०, ०, ५. आता कंस फिरवा. आधी दुसरा आणि तिसरा: ८, २, ०, ४. मग पहिला त्याच्या डावीकडे: पुन्हा १२, ०, ०, ५. परीक्षेत पास. रिकाम्या तुकड्याचा सारांश ०, ०, ०, ०, तोही नियमांत बरोबर बसतो, जोडून बघा.

लाखो नोंदींच्या तुकड्यामागे चार आकडे. वाटलेल्या कामाचं ओझं परत आणताना हाच फायदा.

आपल्या प्रश्नाला असा सारांश निघेल का, हे कसं ओळखायचं? एक चांगली खूण आहे. जेरेमी गिबन्स यांनी १९९६ मध्ये एक प्रमेय प्रसिद्ध केलं. साध्या भाषेत त्याचा मतलब असा: एखादं उत्तर यादीतून डावीकडून उजवीकडे एकेक नोंद घेत काढता येत असेल, आणि तेच उत्तर उजवीकडून डावीकडेही काढता येत असेल, तर ते तुकडे करून जोडतही काढता येतं. अट इतकीच की वाटेत हातात फक्त तेच उत्तर असावं, बाजूला लिहून ठेवलेलं काही नको. नुसता 'सर्वांत लांब पट्टा' घेऊन डावीकडून चालून बघा. नवा उष्ण दिवस आला तर आकडा वाढवायचा की नाही ते ठरवताच येत नाही, कारण चालू पट्टा किती झाला हे हातात नाही. तिथेच समजायचं, सारांशात काहीतरी भर घालायची गरज आहे. काय कमी पडतंय ते प्रश्नच सांगतो.

५. फाइल कुठे कापायची

एलिक्सिरची यादी ही एकेका कडीची साखळी असते. तिचा मध्य शोधायलासुद्धा अर्धी साखळी चालत जावं लागतं. म्हणून यादी बनवून मग ती कापू नका, फाइलच बाइटच्या हिशेबाने कापा आणि प्रत्येक प्रोसेसला (एलिक्सिरमधल्या स्वतंत्र चालणाऱ्या कामगाराला) 'इथून इथपर्यंत' एवढंच सांगा.

सापळा मराठी डेटात आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'जळगाव' हे ज, ळ, ग, काना, व अशी पाच चिन्हं म्हणजे १५ बाइट, आणि एलिक्सिरचं 'स्ट्रिंग.लेंथ' विचाराल तर ते ४ सांगेल, कारण त्याच्या लेखी 'गा' हे एकच अक्षर. आठव्या बाइटला कापलंत तर 'ग'च्या पोटातच सुरी. म्हणून अंदाजे बाइटला जा, तिथून पुढची पहिली नवी ओळ शोधा आणि तिच्यानंतर कापा. ओळीच्या खुणेचा बाइट देवनागरीच्या कुठल्याही अक्षराच्या आत येत नाही, त्यामुळे हा शोध निर्धोक आहे.

फाइल प्रत्येक प्रोसेसने स्वतः उघडावी. एकदाच उघडून सगळ्यांना वाटलीत तर एलिक्सिरमध्ये ती नेहमीच्या पद्धतीने उघडलेली फाइल स्वतःच एक प्रोसेस असते, आणि चारही कामगार तिच्या एकाच खिडकीसमोर रांग लावतात. तलाठी कार्यालयाची आठवण येईल.

६. कामं वाटा

तुकड्यांच्या सीमांची यादी 'टास्क.एसिंक_स्ट्रीम'ला द्या, सोबत एका तुकड्याचा सारांश काढणारं फंक्शन द्या, आणि येणारे सारांश रिड्यूसने जोडा. एवढंच. चार ओळींचा कोड. त्या चार ओळींत मी जिथे जिथे आपटलो ते सांगतो.

वेळेची मर्यादा. न सांगितल्यास प्रत्येक कामाला ५,००० मिलिसेकंद मिळतात. त्यात काम झालं नाही तर फक्त ते काम मरत नाही, बोलावणारी प्रोसेसही सोबत जाते. छोट्या फाइलवर सगळं छान, मोठ्या फाइलवर अचानक अंत्यसंस्कार. मर्यादा स्वतः लिहा.

क्रमाचा पर्याय. 'ऑर्डर्ड' हा पर्याय मुळातच चालू असतो, उत्तरं इनपुटच्याच क्रमाने येतात. पहिला तुकडा रेंगाळला तर बाकीच्यांची तयार उत्तरं साठवून ठेवली जातात. कुठेतरी वाचून तो बंद करण्याचा मोह होईल. बेरीज असेल तर करा. पट्टा असेल तर नको, कारण मग आलेल्या उत्तरावर तो कितवा तुकडा हे लिहिलेलं नसतं. बंद करायचाच असेल तर सारांशासोबत तुकड्याचा क्रमांक पाठवा आणि शेवटी क्रमांकाने लावून घ्या. फ्लो ही लायब्ररीही अशीच आहे, कामाला दणकट पण क्रमाची हमी देत नाही.

डावं-उजवं उलटणं. हा माझा दुसरा पराक्रम. एलिक्सिरच्या 'ईनम.रिड्यूस'मध्ये फंक्शनला आधी नवी नोंद मिळते आणि नंतर आतापर्यंतचा जमा सारांश. मी माझं 'जोड' फंक्शन, ज्यात डावा आधी आणि उजवा नंतर, तसंच्या तसं त्याला देऊन टाकलं. म्हणजे उजवा तुकडा डावीकडे गेला. वरच्याच बारा दिवसांवर तसं करून बघा, उत्तर पुन्हा ३ येतं! चौथ्या पायरीवरची सगळी मेहनत करून मी जिथून निघालो तिथेच. बेरजेवर टेस्ट केली असती तर हे जन्मात सापडलं नसतं, कारण बेरजेला उलटसुलट सारखंच. मधे एक छोटं फंक्शन घालून क्रम सरळ करून घ्या.

नकला. एर्लांगच्या प्रोसेस एकमेकांची मेमरी पाहत नाहीत, पाठवलेला डेटा नकल होऊन जातो. दहा लाख नोंदींची यादी कामगाराकडे पाठवलीत तर नकल करण्यातच वेळ संपतो. ६४ बाइटपेक्षा मोठी बायनरी (बाइटची सलग रांग) मात्र नकल न होता वाटून घेतली जाते. म्हणून जाताना सीमा किंवा बायनरी जाऊ द्या, येताना चार आकडे.

तुकडे किती? चार कोअरला चार तुकडे हा पहिला विचार असतो आणि तो चुकीचा आहे. एखादा तुकडा जड निघाला की तीन कोअर हातावर हात धरून बसतात. दहा हजार तुकडे केले तर वाटपाचाच खर्च वाढतो. मी कोअरच्या चौपट ते आठपट ठेवतो. आणि एकूण कामच सेकंदाभराचं असेल तर काहीच करू नका. पाव किलो वांग्यांच्या भरतासाठी कोणी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवत नाही.

७. धावती शिल्लक लागत असेल तर दोन फेऱ्या

'आधीच्या नोंदीचं उत्तर आल्याशिवाय पुढची कशी काढणार?' म्हणून लोक स्कॅन सोडून देतात. कापूस व्यापाऱ्याच्या खात्यातल्या सहा नोंदी बघा:

+५००, −२००, +३०० | −४००, +१००, −५०

पहिल्या फेरीत प्रत्येक तुकड्याने फक्त आपली बेरीज सांगायची: ६०० आणि −३५०. मग या मोजक्या बेरजांवर साधा क्रमवार स्कॅन, त्यातून प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची शिल्लक: पहिल्याची ०, दुसऱ्याची ६००. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकडा आपापल्या सुरुवातीपासून स्वतंत्र चालतो: ५००, ३००, ६०० आणि २००, ३००, २५०. ओळीने केलं तरी हेच येतं. गाय ब्लेलॉक यांनी १९९० च्या सुमारास स्कॅन ही समांतर कामाची मूळ क्रिया म्हणून नीट मांडली, त्याचं हे सगळ्यांत घरगुती रूप.

लक्षात घ्या, प्रत्येक नोंद दोनदा हाताळली जाते. दोन कोअरवर म्हणूनच काही हाती लागत नाही.

शिल्लक शून्याखाली जाऊ शकत नसेल तर? शेततळ्यातलं पाणी घ्या. उपसा जास्त झाला तर तळं कोरडं, उणे पाणी नसतं. इथे नुसती तुकड्याची बेरीज चालत नाही. पण तुकड्याचा सारांश दोन आकड्यांत बसतो: 'निव्वळ बदल' आणि 'किमान उरणारं'. एका नोंदीसाठी किमान ०. जोडताना बदलांची बेरीज, आणि किमान म्हणजे उजव्याचा किमान किंवा डाव्याचा किमान अधिक उजव्याचा बदल, दोन्हींत मोठा. तुकड्याआधीच्या पाण्यात बदल मिळवा, किमानापेक्षा कमी आलं तर किमान धरा. तळ्यात १० असताना १५ उपसले आणि ४ पाऊस पडला: बदल −११, किमान ४, आणि १० − ११ पेक्षा ४ मोठे, म्हणून उत्तर ४. तळं कोरडं होऊन पुन्हा चार भरलं, बरोबर. 'हे तर क्रमानेच करावं लागेल' असं वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी अशा सुटतात.

८. क्लोजर किंवा हॅस्केल वापरत असाल तर

क्लोजरमध्ये पीमॅप क्रम राखतं, पण एकेका नोंदीवर भरपूर काम असेल तरच परवडतं. रिड्यूससाठी १.५ आवृत्तीपासून रिड्यूसर्स लायब्ररीतलं फोल्ड आहे. ते मुळात ५१२ नोंदींचे गट करतं आणि जोडणारं फंक्शन विनाआर्ग्युमेंट बोलावून अविकारक घटक मागतं. सापळा: ते व्हेक्टर किंवा मॅपवरच (इथे मॅप म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांची रचना) समांतर चालतं. आळशी सीक्वेन्स (गरज पडेल तशी एकेक नोंद काढणारी यादी) दिलात तर गुपचूप साधं रिड्यूस होतं, एरर नाही, काही नाही. आधी व्हेक्टरमध्ये ओता.

हॅस्केलमध्ये बिल्ड करताना थ्रेडेडचा झेंडा आणि चालवताना आरटीएसला (हॅस्केलचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) कोअरची संख्या, हे दोन्ही दिल्याशिवाय एकच कोअर चालतो. दुसरा सापळा आळशीपणाचा. पारमॅपला आरसेक दिलंत तर उत्तराचं फक्त बाहेरचं आवरण समांतर तयार होतं, आपल्या चार आकड्यांचा हिशेब तसाच पडून राहतो आणि शेवटी मुख्य थ्रेडवरच होतो. आरडीपसेक द्या. बारीक कामांसाठी पारलिस्टचंक आहे, तुकडे पाडून देतं.

९. यादृच्छिक कापून तपासा

एकच नियम टेस्टमध्ये लिहा: कुठलीही यादी घ्या, कुठेही कापा, डाव्याचा सारांश आणि उजव्याचा सारांश जोडून आलेला निकाल अख्ख्या यादीच्या सारांशाइतकाच हवा. यादी आणि कापायची जागा लायब्ररीला ठरवू द्या. अगदी टोकाला कापणं, म्हणजे एक बाजू रिकामी, हेही त्यात येऊ द्या. तापमानं ० ते १०० मधून निवडू नका, ४१ ते ४३ मधूनच निवडा, नाहीतर शिवणीवर लांब पट्टे पडतच नाहीत आणि टेस्ट खोटं समाधान देते. अशी टेस्ट मी मागाहून जुन्या कोडवर चालवली, पहिल्या काही यादींतच लाल झाली.

१०. मोजणी, आणि आपल्याकडचं ऊन

जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आधी करा. कामाचा चौथा भाग वाटता येत नसेल (फाइल शोधणं, शेवटचं जोडणं, छापणं), तर कितीही कोअर लावले तरी वेग चौपटीपुढे जात नाही, आणि चार कोअरवर साधारण २.३ पटच मिळतो. माझा वेळ निम्म्यावर आला होता ते काही वाईट नव्हतं.

प्रत्येक आवृत्ती निदान दहादा चालवा आणि मधला आकडा धरा. पहिली धाव सोडून द्या, तेव्हा फाइल डिस्कवरून येते, पुढच्या वेळी मेमरीतून.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात दुपारी बेंचमार्क घेऊ नका. गंमत नाही. एक कोअर चालताना लॅपटॉप तग धरतो, चारही कोअर पेटले की चिप तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. मला एकदा दुपारी समांतर आवृत्ती जेमतेम सव्वा पट मिळाली, मी कोडमध्ये दोष शोधत बसलो. तोच कोड पहाटे जवळपास दुप्पट वेगाने गेला. तसंच लोडशेडिंगचं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जाऊन वीज वाचवायला लागतो, आणि अर्ध्या धावा एका वेगाने, अर्ध्या दुसऱ्या वेगाने होतात. मी आता सकाळी सहाला, चार्जर लावून, लॅपटॉपखाली स्टीलचं ताट पालथं घालून मोजतो. ताट परत जागेवर ठेवायला विसरलात तर त्याचे आकडे वेगळे.